“सॉरी” बोलून झालं, आता पुढे काय? मुलांना पश्चात्ताप आणि क्षमा शिकवताना

डिसेंबरमधली गोष्ट आहे. आमच्याकडे गव्हाणी (येशूजन्माचा नाताळचा देखावा) मांडलेली, थोरला नऊ वर्षांचा, त्याने स्वतः गवत आणून लावलं होतं, मातीची मेंढरं रंगवली होती. दुपारी बघितलं तर एका मेंढराचा पाय तुटलेला आणि तो तुटका पाय व्यवस्थित गवताखाली सारून मेंढरू वर बसवून ठेवलेलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बसलंय बिचारं आरामात. धाकटी सहा वर्षांची. तिला हाक मारली तर यायच्या आधीच दारातून “सॉरी सॉरी सॉरी” आणि लगेच पुढचं वाक्य, “आता दादाने इट्स ओके बोलायचं असतं ना मम्मी?”

मी बघतच राहिले. कारण हे तिला मीच शिकवलेलं. भांडण झालं की “चल सॉरी बोल”, “चल तू इट्स ओके बोल”, संपलं, जा खेळायला. म्हणजे टोल नाक्यावर पैसे टाकले की दांडा वर गेलाच पाहिजे असा प्रकार. मी गेली बरीच वर्षं इथे नाशिकमध्ये संडेस्कूल (चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग) घेते, दर वर्षी पश्चात्तापाचा धडा घेते, आणि घरात हे चाललेलं. त्यानंतर जे जे करून बघितलं, काय चाललं काय फसलं, ते सगळं इथे लिहितेय. आईबाबांना आणि संडेस्कूलच्या टीचर लोकांना दोघांनाही उपयोगी पडेल.

१) आधी शब्द नीट करा

मुलांच्या डोक्यात तीन गोष्टींची खिचडी असते : अपघात, चूक आणि पाप. हातातून ग्लास निसटला तो अपघात, त्याला पश्चात्ताप बिश्चात्ताप काही लागत नाही, फक्त काचा उचलायला मोठ्यांना बोलवायचं. गणितात सात आठे चोपन्न लिहिलं ती चूक. पण ग्लास फुटल्यावर मांजराचं नाव घेतलं, तिथे गोष्ट बदलते. लहान मुलं ग्लास फुटला तरी तेवढीच घाबरतात जेवढी खोटं बोलल्यावर, कारण आपण दोन्हीला सारखंच ओरडतो. खरं सांगायचं तर ग्लासला जास्तच ओरडतो.

आता “पापांची कबुली” हा शब्द मुलांना पोलीस स्टेशनसारखा वाटतो. पण आपल्या मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) किती सुंदर शब्द आहे, आपण “आपली पापे पदरी घेतली” तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो. पदरी घेणं! मी धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली, माझ्याकडे पदर कुठेय, मी तर फ्रॉक घातलाय. मग तिने फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला, मी तो तुटका पाय त्यात टाकला आणि तिला म्हटलं आता बोल हा कोणाचा? ती बराच वेळ त्या पायाकडे बघत उभी. मग हळूच, “माझा. मी तोडला. आणि मी लपवला पण.” हे “आणि लपवला पण” मी विचारलं नव्हतं.

तर पहिली पायरी हीच. “सॉरी बोल” च्या जागी “काय झालं ते पदरात घे” म्हणायचं, म्हणजे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की मी अमुक केलं. वाक्यात “मी” पाहिजे आणि “पण” नको. “मी मारलं पण त्याने आधी चिडवलं” यात पदर रिकामाच राहिला. इथे एदेन बागेची गोष्ट सांगा, उत्पत्ती ३. मना केलेलं फळ खाल्लंस का असं देवाने आदामाला विचारलं तर त्याने बायकोवर ढकललं, वर देवालाच ऐकवलं की तूच दिलेली बायको, हव्वेने सापावर ढकललं. मुलांना हा भाग फार आवडतो कारण त्यांच्या घरात रोज हेच होतं. आमच्या वर्गात मुलं गोल बसतात आणि एक उशी “त्याने केलं, तिने केलं” म्हणत पुढे ढकलत जातात, शेवटी कोणीतरी ती मांडीवर ठेवून म्हणायचं, मी केलं. साधा खेळ आहे पण हशा पिकतो आणि मुद्दा डोक्यात बसतो.

२) आपली पाळी आली की पळू नका

ही पायरी खरं तर पहिली लिहायला हवी होती, पण मलाच लाज वाटते म्हणून मागे ढकलली.

काही वर्षांपूर्वी संडेस्कूलच्या पिकनिकचे पैसे जमवत होते. पाकिटातून पन्नासची एक नोट कमी. वर्गात एक मुलगा होता, त्याला आधी एकदा दुसऱ्याच्या डब्यातलं खाताना पकडलेलं, माझी नजर सरळ त्याच्यावर गेली आणि मी सगळ्यांसमोर त्याचे खिसे उलटे करायला लावले. काही सापडलं नाही. तो काही बोलला नाही, फक्त खिशाचं अस्तर परत आत ढकलत बसला. त्या रात्री गीतांचं पुस्तक उघडलं तर खूण म्हणून मीच ठेवलेली नोट त्यात.

दोन पर्याय होते. एकतर त्याला बाजूला घेऊन चॉकलेट द्यायचं आणि विषय मिटवायचा. पण आरोप सगळ्यांसमोर केला होता, मग माफी कोपऱ्यात कशी? पुढच्या रविवारी उभी राहिले आणि म्हटलं, मागच्या रविवारी मी याच्यावर चोरीचा आळ घेतला, तो खोटा होता, नोट माझ्याच पुस्तकात होती, मी न विचारता ठरवून टाकलं, ते चुकलं, मला क्षमा कर. वर्गात एकदम शांत. तो मुलगा “ठीक आहे टीचर” वगैरे काही म्हणाला नाही, खाली बघत होता. त्यानंतर तीन रविवार माझ्याशी बोलला नाही. चौथ्या रविवारी सतरंजी घडी घालायला स्वतःहून आला. मी पश्चात्तापावर जेवढे धडे घेतले त्या सगळ्यांपेक्षा मुलांना हे लक्षात आहे, अजून आठवण काढतात.

घरीसुद्धा तसंच. ऑफिसचा राग मुलावर काढला तर संध्याकाळी त्याच्या उंचीला खाली बसून नाव घेऊन सांगा की मी उगाच ओरडले. आईवडिलांचा मान कमी होतो असं आमच्या सासूबाईंना वाटायचं, मला तरी तसं कधी दिसलं नाही.

३) वाईट वाटू द्या, पण घाबरवू नका

“येशू वरून बघतोय हां”, “खोटं बोललं की देव शिक्षा करतो” ही वाक्यं बंद. मुलगा सायकलवरून पडला की “बघ, आजीला उलटं बोललास ना” हे तर अजिबातच नको. जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारलेला, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशूने दोन्ही नाही म्हणून सांगितलं (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काही जास्त पापी होती म्हणून नाही, हेही त्यानेच सांगितलं (लूक १३).

भीती आणि खंत यातला फरक मोठ्या मुलांना, दहाच्या पुढच्या, पेत्र आणि यहूदा या येशूच्या दोन शिष्यांवरून छान कळतो. एकाच रात्री दोघांनी येशूला दगा दिला, यहूदाने ३० रुप्याच्या नाण्यांसाठी धरून दिलं, पेत्राने तीनदा ओळख नाकारली. वाईट दोघांनाही वाटलं. यहूदाने तर पैसेही परत नेऊन टाकले. पण तो एकटा निघून गेला, पेत्र रडला आणि बाकीच्यांच्यात परत आला. (यहूदाचा शेवट लहान मुलांना सांगायची गरज नाही, मोठ्यांनी विचारलं तर खरं सांगा आणि एवढं नक्की सांगा की कितीही मोठं काही झालं तरी तू घरी यायचं, आधी घरी यायचं.)

उधळ्या पुत्राचा दृष्टांत, लूक १५, हा तर सगळ्यांनाच माहीत असतो (धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो आणि घरी परत येतो), तरी दोन गोष्टी आपण गाळतो. एक म्हणजे पोराने रस्त्यात माफीचं भाषण पाठ करत आणलेलं, आणि बापाने ते पूर्ण होऊच दिलं नाही, मजुरासारखं ठेवा हे वाक्य येण्याआधीच झगा, अंगठी, जोडे मागवले. दुसरी म्हणजे मोठा भाऊ. गोष्ट संपते तेव्हा तो अजून बाहेरच उभा आहे, आत गेला की नाही सांगितलेलंच नाही. वर्गात विचारा तो आत गेला असेल का. अभ्यासू, शहाणी, कधी ओरडा न खाणारी मुलं इथे अचानक बोलायला लागतात.

४) यू-टर्न

पश्चात्ताप म्हटलं की मुलांना रडणं वाटतं. हिब्रूमध्ये त्यासाठी जो शब्द येतो त्याचा अर्थच मागे फिरणं, आणि नव्या करारातला ग्रीक शब्द म्हणजे मन बदलणं. आमच्या मुलांना मी इथल्या नाशिकमधल्या द्वारकेचा चौक सांगते. जायचंय नाशिकरोडला आणि तुम्ही गाडी घातली मुंबईच्या दिशेला. मागे बसलेली मम्मी म्हणाली अहो चुकलं, तुम्ही म्हणालात हो हो सॉरी, आणि गाडी तशीच पुढे. पोहोचणार का नाशिकरोडला? मुलं ओरडतात नाssही. आणि फ्लायओव्हरवर चढलात तर मध्येच वळतासुद्धा येत नाही, खाली उतरेपर्यंत जावं लागतं, म्हणजे जितक्या लवकर वळाल तितकं बरं.

यानंतर लगेच एक प्रॅक्टिकल प्रश्न : “पुढच्या वेळी त्याच जागी काय करशील?” उत्तर ठोस पाहिजे. “मी चांगला वागेन” चालणार नाही. “राग आला की मी गॅलरीत जाईन” चालेल. आणि परत चुकेल, शंभर टक्के चुकेल, तेव्हा “काल तर बोललास ना” म्हणून टोमणा मारू नका.

५) भरपाई : जक्कयचं गणित

ही पायरी बहुतेक घरात सुटते. जक्कय जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढला (लूक १९). उंबर इकडे मुलांनी बघितलेला असतो त्यामुळे चित्र लगेच उभं राहतं. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो उभा राहून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत.

आता गंमत अशी की जुन्या करारातल्या नियमशास्त्रात, गणना ५ मध्ये, कोणाचं नुकसान करून कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय. मुलांना फळ्यावर करायला द्या : दहा रुपये घेतले तर नियमाने १२ परत, जक्कयच्या हिशोबाने ४०. का बरं त्याने जास्त दिलं असेल? आणि हे नक्की विचारा, येशू घरी आला तो पैसे परत दिल्यावर की आधी? आधीच आला. म्हणजे भरपाई करून क्षमा विकत घेतली असं नाही, क्षमा मिळाल्याच्या आनंदात हात सैल झाला. हे उलटं शिकवलं गेलं तर मुलं देवाशी सौदा करायला लागतात.

आमच्या मेंढराचं काय झालं? धाकटीने फेविक्विक मागितलं, ते मी लावलं, तिने वर रंग दिला. रंग वेगळाच लागला, पांढऱ्या मेंढराला पिवळसर पाय. थोरल्याने तोंड वाकडं केलं पण गव्हाणीत ठेवलं.

६) क्षमा करणं : उधारीची वही

आपण प्रभूच्या प्रार्थनेत म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे सोड. मुलं हे धडाधडा म्हणतात, अर्थ काही पोहोचत नाही, “ऋण” त्यांना फक्त गणितातलं वजा माहीत. म्हणून मी किराणा दुकानातली लाल लांबट वही आणली. पानावर नाव, खाली रक्कम. मग मत्तय १८ मधला निर्दय चाकर. पेत्राने विचारलं सात वेळा क्षमा करू का, येशू म्हणाला सत्तर वेळा सात, आणि मग ही गोष्ट सांगितली.

आकडे मुलांना सांगायलाच हवेत, त्यातच मजा आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता १ लाख ६४ हजार वर्षं. द्राक्षबागेत काम करणाऱ्याला समजा दिवसाला ५०० रुपये धरले तर ३,००० कोटी. हे राजाने सोडलं. आणि तो बाहेर पडून सोबतच्या चाकराचा गळा धरतो कशासाठी, तर १०० दिनार, म्हणजे ५० हजार. मुलं म्हणतात ५० हजार पण खूप आहेत टीचर. हो, आहेतच. येशूने ते शंभर रुपये आहेत असं नाही म्हटलं, तीन महिन्यांच्या वर मजुरी आहे ती. तुझं जे नुकसान झालं ते छोटं होतं असं क्षमा म्हणत नाही, म्हणून तर ती जड जाते.

मग मुलांनी वहीत लिहायचं कोणाचं काय देणं आहे. “दादाने कंपास मोडला.” “ती माझ्या बर्थडेला आली नाही.” ज्याला जे सोडायचंय त्यावर लाल पेनने काट मारायची, जबरदस्ती नाही, ज्याला नाही मारायची त्याने पान तसंच ठेवावं आणि देवाला सांगावं की मला अजून जमत नाहीये. आणि शेवटी वह्या फाडून टाकायच्या. हे मी पहिल्या वर्षी विसरले तर एका मुलीने वही घरी जपून ठेवली आणि भाऊ काही बोलला की तारखेसकट पुरावा काढायची, तिची आई माझ्यावर वैतागली. प्रीती अपकार मोजत नाही, १ करिंथ १३, आणि मी तर मुलांना हिशोब ठेवायला शिकवून बसले!

बरं, ती चुरगळलेल्या कागदाची ॲक्टिव्हिटी सगळीकडे फिरते ना, कागद चुरगळा, सॉरी म्हणा, सरळ करा, बघा सुरकुत्या राहिल्याच. शब्दाने दुखावतं हे शिकवायला ठीक. पण क्षमेच्या धड्याला ती घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मूल घरी जाताना एवढंच घेऊन जातं की आपण कायमचे चुरगळलेले. मीखा संदेष्टा सांगतो की देव आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकतो. सुरकुत्या दाखवत बसत नाही.

७) क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे

हे चर्चच्या लोकांना, मला धरून, नीट ऐकायला हवं. मुलाला क्षमा करायला लावायची नाही. “तो सॉरी बोलला ना, मग मिठी मार” हे नको, मुलाला नको असेल तर मिठी नाही. आणि क्षमा केली म्हणजे जो रोज मारतो त्याच्याच शेजारी बाकावर बसायचं असंही नाही.

त्यापुढची गोष्ट, मोठ्या माणसाने, मग तो नात्यातला असो, शेजारचा असो नाहीतर चर्चमधला, मुलाला नको तसा हात लावला किंवा “कोणाला सांगू नकोस” म्हटलं, तर तिथे क्षमेचा धडा काढायचाच नाही. मुलाला एवढंच सांगायचं की तुझं काही चुकलेलं नाही, सांगितलंस ते बरं केलंस. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे (२०१२) असं काही कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि चाइल्डलाइनचा नंबर १०९८ मुलांना पाठ असू द्या. “आपल्यातलं आहे, क्षमा करून सोडून द्या” म्हणणारे असतात, त्यांचं ऐकू नका.

८) चर्चमध्ये

आमच्या प्रोटेस्टंट उपासनेत सगळे मिळून पापांगीकार (पापांच्या कबुलीची प्रार्थना) म्हणतात आणि मग पाळक क्षमेची वचनं वाचतात. मुलं तेव्हा नेमकी पंखे मोजत असतात. एक करा, आदल्या रात्री विचारा की उद्या तिथे मनातल्या मनात काय सांगणार, मला सांगू नकोस, फक्त ठरव. कॅथलिक मुलांची साधारण सात-आठ वर्षांची असताना फर्स्ट कम्युनियनच्या (पहिल्या प्रभुभोजनाच्या) आधी पहिली कन्फेशन, म्हणजे फादरजवळ पापांची कबुली, होते : विवेक तपासायचा, मनापासून खंत, परत न करण्याचा निश्चय, फादरना सांगायचं, आणि दिलेली पेनन्स (प्रायश्चित्त) पूर्ण करायची. माझी एक मैत्रीण कॅथलिक आहे, तिची मुलगी कन्फेशनला जाताना भीतीने थरथरत होती, फादर मम्मीला सांगतील म्हणून. तिला एवढंच सांगायचं राहून गेलेलं की फादर ते कधीच कोणालाही सांगू शकत नाहीत, चर्चचा कडक नियम आहे. आणि बाहेर आल्यावर “काय काय सांगितलंस गं” असं चुकूनही विचारू नका.

दोन्हीकडे लागू पडणारं एक, मत्तय ५ : वेदीजवळ अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्याकडे रविवारी सकाळी रिक्षात बसायच्या आधी पाच मिनिटं यासाठीच असतात. बहुतेक वेळा ती बूट शोधण्यातच जातात तो भाग वेगळा.

९) रामकुंडावरचा प्रश्न

रामकुंड म्हणजे गोदावरीवरची स्नानाची जागा, नाशिकमध्ये राहून हा प्रश्न येणारच, आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्यावर तर अजून येईल. थोरल्याने पंचवटीतून जाताना विचारलं, “माझा मित्र म्हणतो गोदावरीत आंघोळ केली की पाप जातं. आपलं कुठे धुतात?” दुसऱ्याच्या श्रद्धेला हसायचं नाही, मुलासमोर तर नाहीच, तो उद्या शाळेत जाऊन तेच बोलेल. मी त्याला म्हटलं, तुझ्या मित्राच्या घरी ही फार मनापासूनची गोष्ट आहे, मान ठेव. आपण असं मानतो की आपलं पाप येशूने क्रुसावर स्वतःच्या पदरी घेतलं, म्हणून आपण सरळ त्याच्याकडे जाऊन सांगतो. तो म्हणाला, “म्हणजे त्याने पण पदरात घेतलं?” मी म्हटलं हो रे. मला स्वतःला हे असं जोडलेलं तोपर्यंत सुचलं नव्हतं.

१०) कधी घ्यायचं

एका रविवारी सगळं कोंबू नका. उपवासकाळात ईस्टरच्या आधी सहा रविवार मिळतात, पुरे होतात : एदेनची उशी, द्वारकेचा यू-टर्न, जक्कय, मग दोन रविवार वही (गणितालाच एक जातो), आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) पेत्राचं नाकारणं, तिथेच अर्धवट सोडा, कोंबडा आरवला इथपर्यंतच. मुलं विचारतील पुढे काय, सांगू नका.

पुढचं ईस्टरनंतर, योहान २१. पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता, आणि आता किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर, आणि येशू म्हणतो या, न्याहारी करा. हिशोब आधी काढत नाही, खायला घालतो, आणि मग तीनदा विचारतो माझ्यावर प्रीती करतोस का, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा. हा धडा वर्गात घेऊ नका, शक्य असेल तर अंगणात चूल मांडा आणि मुलांना खाऊ घालून मग सांगा. मासळी नाही जमली तर पोहे चालतात, आम्ही दोन वर्षं पोहेच केले.